घरचं मैदान, घरचं गवत: टीम गोल्फमधल्या ‘होम अ‍ॅडव्हान्टेज’बद्दल नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

२८ सप्टेंबर २०२५ चा रविवार. नवरात्र चालू, गल्लीत गरब्याचे स्पीकर, टीव्हीवर दुबईची भारत-पाकिस्तान आशिया चषक फायनल. ती जिंकून झाल्यावर आमच्या धरमपेठेतल्या मंडळींनी चॅनल बदललं, तर न्यूयॉर्कजवळ बेथपेजला गोल्फच्या रायडर कपचे सिंगल्स ऐन रंगात आलेले. अमेरिकेचं मैदान, अमेरिकेचे प्रेक्षक आणि कप मात्र युरोप नेणार. त्या रात्रीपासून मला प्रश्न येताहेत. चहाच्या टपरीवर येतात, लग्नाच्या पंगतीत येतात, एकदा तर दाढी करताना आला. वारंवार येणारे इथे उत्तरांसह दिले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल.

१. गोल्फ तर एकट्याचा खेळ. त्यात टीम कुठून आली?

वर्षभर तो एकट्याचाच असतो. पण काही मोठ्या स्पर्धा संघांच्या आहेत. सगळ्यात गाजलेली म्हणजे रायडर कप, १९२७ पासूनची. आधी अमेरिका विरुद्ध ब्रिटन अशी होती, १९७९ पासून अमेरिकेसमोर अख्खा युरोप असतो. १९९० पासून महिलांचा सोल्हाइम कप आहे, तोही अमेरिका विरुद्ध युरोप. १९९४ पासूनच्या प्रेसिडेंट्स कपात अमेरिकेसमोर युरोप वगळून उरलेलं जग असतं, म्हणजे आपणही त्यात आलो.

रायडर कपात दोन्हीकडे १२-१२ खेळाडू, तीन दिवस, २८ सामने आणि प्रत्येक सामन्याला एक गुण. सामना बरोबरीत सुटला तर अर्धा-अर्धा. ‘फोरसम’मध्ये जोडीचा एकच चेंडू, दोघांनी आळीपाळीने मारायचा. ‘फोरबॉल’मध्ये चौघांचे चार चेंडू आणि जोडीतल्या चांगल्या खेळलेल्याचा आकडा धरायचा. शेवटच्या दिवशी बारा सिंगल्स, एकास एक. एकूण फटके मोजत नाहीत, कोणी किती होल (मैदानाचा एकेक टप्पा, ज्याच्या शेवटी चेंडू घालायचा खड्डा असतो) जिंकले ते मोजतात. एखाद्या होलवर तुमची पार वाट लागली तरी नुकसान एका होलचंच.

२. मैदान तर दोघांना सारखंच. मग घर कोणाचं आणि परकं कोणाचं?

क्रिकेटची खेळपट्टीही दोघांना सारखीच असते ना? तरी जामठ्याला टॉसआधी सगळे वाकून वाकून मातीच बघतात. रायडर कप एकदा अमेरिकेत, एकदा युरोपात असा आलटून पालटून होतो. ज्याच्याकडे स्पर्धा, त्याच्या कर्णधाराला मैदानाच्या तयारीत बोलता येतं. गोल्फमधलं घर ते एवढंच. बाकी प्रेक्षक, हवा, जेवण हे सगळं त्यानंतर.

३. आकडे सांगा. यजमान खरंच जास्त जिंकतात का?

हो. १९७९ ते २०२५ पर्यंत २३ रायडर कप झाले. यजमान १५ वेळा जिंकले, पाहुणे ७ वेळा, आणि १९८९ ला बेल्फ्रीत १४–१४ अशी बरोबरी झाली.

फोड केली की गंमत दिसते. युरोप घरच्या ११ पैकी ८ जिंकला. अमेरिका घरच्या १२ पैकी ७, म्हणजे निम्म्याहून जेमतेम वर. अमेरिकेने युरोपात जाऊन शेवटचा कप जिंकला तो १९९३ मध्ये. त्या साली जन्मलेली पोरं आज लेकराबाळांची झाली.

२३ हा आकडा मात्र लहान आहे. तेवढ्या वेळा नाणं उडवलं तरी १५ छापे कधीमधी पडतात. म्हणून मी नुसत्या आकड्यावर विसंबत नाही, कारणंही बघतो. ती प्रश्न ५ ते ७ मध्ये आहेत.

४. १९७९ पासूनच का मोजता? आधीचे सोयीचे नव्हते का?

आरोप ऐकून घेतला. पण आधीचे मोजले तर घराचा फायदा दिसत नाही, अमेरिकेची ताकद तेवढी दिसते. १९३५ पासून १९८३ पर्यंत अमेरिका फक्त एकदा हरली, १९५७ ला लिंड्रिकमध्ये. एकदा बरोबरी झाली, १९६९ ला रॉयल बर्कडेलमध्ये. शेवटच्या होलवर अमेरिकेच्या जॅक निकलसने ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा छोटा पट (खड्ड्यात चेंडू घालायचा हलका फटका) न खेळवताच मान्य केला होता, तीच ती स्पर्धा. ज्याचा पैलवान दुप्पट वजनाचा, त्याला आखाडा कोणाच्या गावातला याने काय फरक पडणार? संपूर्ण युरोप आला आणि तराजू बरोबरीला लागला. मगच बाकीची वजनं दिसायला लागली.

अगदी सुरुवातीच्या पाच स्पर्धा, १९२७ ते १९३५, सगळ्या यजमानांनीच जिंकल्या होत्या हेही खरं. तेव्हा पाहुणे बोटीने समुद्र ओलांडून यायचे.

५. मग फायदा नेमका कशात आहे? एकच सांगा.

गवत कापायच्या मशीनमध्ये.

थट्टा करत नाही. गोल्फच्या मैदानात चेंडू पडावा अशी जी आखूड गवताची पट्टी असते ती फेअरवे, तिच्या दोन्ही बाजूंचं वाढलेलं गवत म्हणजे रफ, आणि होलभोवतीचा गालिचा म्हणजे ग्रीन. फेअरवे किती रुंद ठेवायचा, रफ घोट्यापर्यंत वाढवायचा की भादरून टाकायचा, ग्रीनवर चेंडू किती वेगाने घरंगळू द्यायचा, हे सगळं आधी ठरवता येतं. इथे यजमान कर्णधाराचा शब्द चालतो.

अमेरिकन संघात बहुतेक वेळा लांब मारणारे जास्त. म्हणून ते घरी रफ कापतात: मारा जोरात, वाकडा गेला तरी चेंडू सापडेल आणि मारताही येईल. २०१६ ला हेझल्टीनमध्ये असंच होतं, अमेरिका १७–११ ने जिंकली. युरोप याच्या उलट करतो. २०१८ ला पॅरिसजवळ ल गोल्फ नॅशनलला फेअरवे चिंचोळे केले, रफ असं माजवलं की आत गेलेला चेंडू नुसता बाहेर काढण्यात फटका जायचा. लांब मारणाऱ्यांचे दात तिथेच पडले आणि युरोप १७½–१०½ ने जिंकला. शिवाय फ्रेंच ओपन वर्षानुवर्षं त्याच मैदानावर व्हायची, युरोपच्या लोकांना तिथला कोपरान् कोपरा ठाऊक. रोमच्या मार्को सिमोनचंही तसंच. २०२३ च्या रायडर कपाआधी इटालियन ओपन सलग तीन वर्षं तिथे खेळली गेली. पहिल्या सकाळचे चारही फोरसम युरोपने जिंकले, ते काही इटालियन पास्त्यामुळे नाही.

२०१४ ते २०२३ या पाचही स्पर्धा यजमानांनी घेतल्या, आणि त्यातली एकही पाच गुणांपेक्षा कमी फरकाची नव्हती. माझ्या मते दोन्ही बाजू मैदान आपल्या बाजूला झुकवण्यात पटाईत झाल्या, हे त्याचं मोठं कारण. हाच डाव अंगावर कसा येतो ते प्रश्न ९ मध्ये आहे.

६. आरडाओरड करून समोरच्याचा पट चुकवता येतो का हो?

कधी कधी येतो. पण लोकांना वाटतो तेवढा नाही. गोल्फमध्ये फटका मारताना शांतता पाळायची रीत आहे, कॅमेऱ्याच्या आवाजावरूनही खेळाडू वळून बघतात. रायडर कपात ही रीत सैल होते. पहिल्या टीच्या (पहिला फटका मारायच्या जागेच्या) स्टँडमध्ये तर गणपती विसर्जनाचं वातावरण असतं. १९९९ ला ब्रुकलाइनमध्ये जस्टिन लेनर्डचा लांबलचक पट पडला आणि अमेरिकन मंडळी नाचत थेट ग्रीनवर धावली. समोर होझे मारिया ओलाथाबालचा पट अजून बाकी होता. तो त्याला साधला नाही. युरोप आजही ते विसरलेला नाही.

आता याच्या उलट पुरावा बघा. सप्टेंबर २०२१ मध्ये कोविडच्या प्रवासबंदीमुळे युरोपच्या चाहत्यांना अमेरिकेत जाताच येत नव्हतं. महिन्याच्या सुरुवातीला ओहायोत सोल्हाइम कप झाला, गॅलरीत बहुतेक सगळे अमेरिकन, आणि जिंकला युरोप, १५–१३. त्याच महिन्याच्या शेवटी विस्कॉन्सिनमध्ये व्हिसलिंग स्ट्रेट्सला रायडर कप झाला, प्रेक्षक तसेच एकतर्फी, आणि अमेरिका १९–९ ने जिंकली. आवाज तोच, निकाल दोन टोकांचे.

२०२४ च्या प्रेसिडेंट्स कपात याहून भारी झालं. रॉयल माँट्रियालला पहिल्या दिवशी अमेरिका ५–०, दुसऱ्या दिवशी यजमान ५–०. गर्दी दोन्ही दिवशी तीच, कॅनडाचीच. शेवटी अमेरिका १८½–११½.

७. जेट लॅग, हवा, गवताची जात, यांचं काय?

जेट लॅगचा मुद्दा जवळजवळ संपला. खेळाडू खासगी विमानाने काही दिवस आधीच येतात, आणि युरोपचे बरेच जण वर्षभर अमेरिकेच्याच टूरवर, म्हणजे तिथल्या स्पर्धांच्या मालिकेत, खेळतात, काहींची घरंही फ्लोरिडात आहेत. त्यांना न्यूयॉर्क परकं वाटत नाही.

हवेचा मुद्दा खरा आहे. गरम हवा विरळ असते, चेंडू जास्त लांब जातो. आपल्या मे महिन्यात ४५ अंशांत मारलेला फटका आयर्लंडच्या गारठ्यातल्या फटक्यापेक्षा पुढे पडणार. समुद्राकाठच्या वाऱ्यात चेंडू खाली ठेवायला लहानपणापासूनची सवय लागते.

गवताबद्दल एक आवडती गोष्ट. गोल्फवाले ज्याला ‘बर्म्युडा’ म्हणतात ते दुसरं काही नसून आपली हरळी. टेकडीच्या गणपतीला वाहतो त्या दूर्वा याच. चेंडू तिच्यात बसला की पाती त्याला धरून ठेवतात, आणि ग्रीनवर पात्यांच्या दिशेप्रमाणे पट वळतो. थंड देशांतली गवतं वेगळी वागतात. ज्याचा हात एका गवतावर बसलाय त्याला दुसऱ्यावर जुळवून घ्यायला थोडा वेळ लागतो, आणि स्पर्धा तीन दिवसांचीच असते.

पावसाबद्दल एवढंच सांगतो की २०१० ला वेल्समधल्या सेल्टिक मॅनरला अमेरिकन संघाचे रेनकोट गळले आणि त्यांना मैदानावरच्या दुकानातून नवीन घ्यावे लागले. स्पर्धा सोमवारपर्यंत लांबली. अमेरिका एका गुणाने हरली.

८. गवत सोडून यजमान कर्णधाराच्या हातात आणखी काय असतं?

सकाळी फोरसम खेळवायचे की फोरबॉल, हा क्रम तोच ठरवतो. फोरसममध्ये एकाची चूक दुसऱ्याला निस्तरावी लागते, त्यामुळे तिथे जोडी जुळणं महत्त्वाचं. आपली जोडी पक्की असेल तर आधी फोरसम लावून आघाडी घ्यायची. पण २०२५ ला अमेरिकेने पहिल्या सकाळी फोरसमच निवडले आणि ३–१ ने मार खाल्ला.

९. बेथपेजला काय झालं मग? सगळं घरचं असून अमेरिका कशी हरली?

हा प्रश्न सर्वात जास्त वेळा येतो. उत्तरासाठी आधी आपल्या वर्धा रोडवर चला.

नोव्हेंबर २०१५, जामठा. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटी. खेळपट्टी अशी फिरली की पाहुणे पहिल्या डावात ७९ वर गारद, अश्विनचे सामन्यात १२ बळी, तीन दिवसांत खेळ खलास. आयसीसीने खेळपट्टीला ‘खराब’ शेरा दिला, पण सामना आपण जिंकला. मार्च २०१६, तेच जामठा. टी-ट्वेंटी विश्वचषक, समोर न्यूझीलंड. पुन्हा फिरणारी खेळपट्टी. न्यूझीलंड १२६ आणि आपण सर्वबाद ७९. मिचेल सँटनरने ११ धावांत ४ काढले. मैदान तेच, आकडा तोच, फक्त खड्ड्यात पडणारे बदलले. त्याआधीचं दुखणं हवं असेल तर ऑक्टोबर २००४, सदरचं जुनं व्हीसीए मैदान: हिरवीगार खेळपट्टी बघून ऑस्ट्रेलिया खूश, आणि आपण ३४२ धावांनी हरलो.

बेथपेजची गोष्ट याच जातीची. तिथलं ब्लॅक कोर्स सरकारी उद्यानातलं, कोणीही पैसे भरून खेळू शकतो, पण महाकठीण. पहिल्या टीवर पाटीच आहे की मुरलेल्या खेळाडूंनीच पुढे जावं. गोल्फच्या दोन यूएस ओपन तिथे झाल्या, २००२ आणि २००९, दोन्ही वेळा रफ भयानक. रायडर कपासाठी कर्णधार कीगन ब्रॅडलीने ते रफ कापून टाकलं, प्रश्न ५ मधलाच नेहमीचा डाव. त्यात पाऊस झाला, ग्रीन मऊ पडल्या. कठीण मैदान सोपं झालं, आणि सोप्या मैदानावर ज्याचा पटर (पट मारायची काठी) चालतो तो राजा. पटर युरोपचे चालले. दोन दिवसांत ११½–४½. मैदानाची तयारी चुकली हे ब्रॅडलीने नंतर स्वतःच कबूल केलं.

प्रेक्षकांनी कसर सोडली नव्हती. युरोपच्या रॉरी मॅकिलरॉयला इतक्या शिव्या दिल्या की पोलीस वाढवावे लागले, त्याच्या बायकोच्या अंगावर पेय उडालं, आणि पहिल्या टीवरची निवेदिका स्वतःच शिवराळ घोषणेत सामील झाल्यावर तिला काम सोडावं लागलं. पण युरोपने याची तालीम करून ठेवली होती. खेळाडूंना व्हीआर चष्मे लावून गर्दीचा गोंगाट आधीच ऐकवला होता. नवरदेवाला रुसव्याफुगव्यांची तालीम देऊन मांडवात पाठवावं, तसं.

रविवारी अमेरिकेने सिंगल्स ८½–३½ असे घेतले, शेवट १५–१३ झाला. काही जण म्हणतात, बघा, घरचा फायदा शेवटी दिसला. मला पटत नाही. घर तिन्ही दिवस त्यांचंच होतं.

१०. युरोप परक्या घरी जिंकतो, अमेरिका नाही. असं का?

२००२ नंतर पाहुण्यांनी तीनच वेळा कप जिंकला: २००४ ओकलंड हिल्स, २०१२ मेडिना, २०२५ बेथपेज. तिन्ही वेळा युरोपच. मेडिनाला तर शेवटच्या दिवशी १०–६ ने मागे असताना १४½–१३½ केलं. तिथेही अमेरिकन कर्णधाराने रफ कापून घेतलं होतं, हे जाता जाता.

कारण मला सरळ दिसतं. युरोपचे खेळाडू अमेरिकेत वर्षभर खेळतात, अमेरिकन युरोपात उन्हाळ्याचे दोन-चार आठवडे येतात. नागपूरचा पोरगा पुण्यात चार वर्षं इंजिनिअरिंग करतो, त्याला पुणं कळतं. पुण्याचा पोरगा इथे लग्नापुरता येतो, सावजी खातो आणि दोन दिवस पाणी पीत बसतो.

११. म्हणजे घरचा फायदा कितीचा धरायचा?

माझा अंदाज: एका गुणाचा, फार तर दोन. थोडा वाटेल. पण १९७९ पासूनच्या २३ पैकी सात स्पर्धा १४½–१३½ ने सुटल्या: १९८३, १९९१, १९९५, १९९७, १९९९, २०१०, २०१२. या सातांपैकी पाच यजमानांनी घेतल्या. जिथे एका पटने कप इकडचा तिकडे होतो तिथे एक गुण पुष्कळ झाला. एक संघ उघड वरचढ असेल तर तोच गुण कुठे वाहून गेला ते कळतही नाही.

१२. प्रेसिडेंट्स कपात तर अमेरिका सगळीकडेच जिंकते. तिथे तुमचं गणित चुकलं ना?

वरवर तसं दिसतं. २०२४ पर्यंत १५ स्पर्धा, अमेरिका १३. पण हेही बघा: अमेरिकेत झालेल्या आठही तिने जिंकल्या. बाहेर झालेल्या सातांत एक हार, १९९८ ला रॉयल मेलबर्नमध्ये २०½–११½, आणि एक बरोबरी, २००३ ला दक्षिण आफ्रिकेतल्या फॅनकोर्टमध्ये १७–१७. तिथे टायगर वुड्स आणि एर्नी एल्स अंधार पडेपर्यंत प्लेऑफ खेळत राहिले आणि शेवटी कप वाटून घेतला. उरलेल्या जगाला जे काही मिळालं ते अमेरिकेबाहेरच.

आशियाचा अनुभव आणखी कडू. युरोप विरुद्ध आशिया असा युरेशिया कप मलेशियात तीनदा झाला. २०१४ ला १०–१० बरोबरी, मग २०१६ ला युरोप १८½–५½ आणि २०१८ ला १४–१०. ताकदीत एवढं अंतर असेल तर घर वाचवत नाही.

१३. अनिर्बन लाहिरी कोरियात खेळला तेव्हा तो घरी होता की परक्या घरी?

फार चांगला प्रश्न, आणि मला याचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. २०१५ ला इंचॉनमध्ये लाहिरी प्रेसिडेंट्स कप खेळणारा पहिला भारतीय झाला. जन्म पुण्याचा, हेही नागपूरकर म्हणून नाइलाजाने नोंदवतो. कागदावर त्याचा संघ यजमान होता. पण त्या संघात ऑस्ट्रेलियन, दक्षिण आफ्रिकन, जपानी, आणि घर म्हणावं तर एकट्या कोरियन खेळाडूचं. अठराव्या होलवर अमेरिकेच्या ख्रिस कर्कने लांबचा पट घातला आणि लाहिरीचा जवळचा चुकला. संघ १५½–१४½ ने हरला. गर्दी त्याच्याच बाजूची होती, पण त्याच्या भाषेतली नव्हती. अमेरिकेच्या संघाला एक झेंडा, एक टूर, एक गवत. उरलेल्या जगाला ‘घर’ दर वेळी भाड्याने घ्यावं लागतं.

१४. भारताला कधी घरचा फायदा मिळाला का?

मिळाला, आणि घसघशीत. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये गोल्फ पहिल्यांदा आलं. स्पर्धा दिल्ली गोल्फ क्लबवर. दोन्ही बाजूंनी काटेरी झाडी, मधे जुने मकबरे, आणि त्यातून जाणारे चिंचोळे फेअरवे. तिथे ताकद कामाची नाही, चेंडू कुठे ठेवायचा ते ठाऊक हवं. लक्ष्मण सिंगने वैयक्तिक सुवर्ण जिंकलं आणि संघानेही सुवर्ण जिंकलं. ही फटके मोजण्याची स्पर्धा होती, अनेक देशांची. एकास एक सामन्यापेक्षा तिथे यजमानपण पातळ व्हायला हवं, तरी झालं नाही.

पण फायद्याच्या खात्यात सगळं टाकू नका. २००२ ला बुसानमध्ये शिव कपूरने परक्या मैदानावर वैयक्तिक सुवर्ण आणलंच.

१५. १४–१४ झालं तर कप यजमानाला मिळतो का?

नाही. आधी ज्याच्याकडे होता त्याच्याकडेच राहतो, मैदान कोणाचंही असो. म्हणून कप राखणाऱ्याला १४ पुरतात, दुसऱ्याला १४½ लागतात. २०२३ ला स्पेनमध्ये सोल्हाइम कप १४–१४ सुटला आणि युरोपने ठेवून घेतला. बेथपेजलाही शेन लोरीच्या पटने अर्धा गुण आला आणि कप युरोपकडेच राहणार हे तिथेच ठरलं, जिंकण्याचा गुण नंतर आला.

१६. सामन्याच्या दिवशी खेळाडू दुखावला तर यजमान बदली आणतो का?

कोणालाच आणता येत नाही. सिंगल्सआधी दोन्ही कर्णधार एकेक नाव लिफाफ्यात बंद करून ठेवतात. समोरचा खेळाडू जखमी झाला तर त्या नावाच्या माणसाने बसायचं आणि सामना अर्धा-अर्धा. बेथपेजला युरोपच्या व्हिक्टर होवलँडची मान धरली म्हणून अमेरिकेचा हॅरिस इंग्लिश न खेळता बसला. या नियमात घर-परकं काही नाही.

१७. २०२७ चं सांगून टाका. पैसे लावू का?

पैसे लावू नका, पैज लावायचीच तर तर्री पोह्यांची लावा. २०२७ चा रायडर कप आयर्लंडमध्ये अडेर मॅनरला आहे, स्पर्धेचं शंभरावं वर्ष. मी युरोप म्हणेन. अमेरिका १९९३ पासून तिकडे जिंकलेली नाही, आणि बेथपेजचं बघून युरोपचा कर्णधार गवताला उगाच हात लावेल असं वाटत नाही. आयर्लंड आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, म्हणजे तिकडची सकाळ आपल्या जेवणाच्या वेळेला येईल. जागरण नाही. शुक्रवारची तेवढी ऑफिसातून सुट्टी काढून ठेवा.